तिसरा श्वास

सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी कॅप्टननं कॉकपिटमध्ये धूर सोडला.

त्याच्या समोरच्या पडद्यावर एक लाल चौकोन आहे. त्यावर बोट टेकलं की पुढच्या फटींमधून पांढरी वाफ यायला लागते. तिला ना वास, ना चटका. पुढे बसलेल्या दोन्ही वैमानिकांना ती येणार हे आदल्या दिवसापासून माहीत असतं, तरी ती आली की खांदे वर जातातच. डावीकडच्यानं बाजूच्या कप्प्यातून ऑक्सिजनचा मास्क ओढून तोंडावर चढवला. उजवीकडच्यानंही ओढला, पण त्याचा पट्टा हेडसेटमध्ये अडकला. दोन्ही हातांनी तो पट्टा सोडवत बसला. कॅप्टन मागच्या खुर्चीवरून बघत राहिला.

धूर ओसरल्यावर त्यानं विचारलं, "पट्ट्याशी झटापट चालली होती तेव्हा विमान कोण चालवत होतं?"

"ऑटोपायलट होता ना, सर."

"मग परवाना त्याच्याच नावानं काढू."

डावीकडचा हसला. उजवीकडचा हसला नाही, म्हणाला, पुन्हा एकदा करूया. कॅप्टननं पुन्हा धूर सोडला. या खेपेला पट्टा अडकला नाही, पण वेळ वर गेला आणि मधली सुट्टी निम्म्यावर आली.

हे विमान म्हणजे एका थंड, उंच हॉलमध्ये सहा पायांवर उभी असलेली पांढरी पेटी आहे. तिच्या दारापर्यंत एक लोखंडी पूल जातो. प्रशिक्षण केंद्रातले लोक तिला डबा म्हणतात. आत शिरल्यावर मात्र ती डबा राहत नाही. खुर्च्या, कळा, काचेबाहेरची धावपट्टी, चाकं टेकतानाचा हादरा, सगळं जसंच्या तसं. फक्त डबा जमीन सोडत नाही. त्यामुळे त्यात बसून शिकवायला जुना अनुभव पुरतो, वैद्यकीय दाखला लागत नाही. कॅप्टन इथे का शिकवतो, याचं उत्तर एवढंच आहे. उडायला दाखला लागतो आणि त्याचा दाखला तीन वर्षांपूर्वी रद्द झाला.

झालं होतं असं. पहाटेचं उड्डाण होतं, प्रवासी अजून यायचे होते. कॉकपिटमध्ये त्याच्या शेजारी बसलेल्या तरुण सहवैमानिकेनं उठून दार लावून घेतलं आणि ती शांतपणे म्हणाली, "सर, आज तुम्हाला बरं नाहीये. तुम्ही सांगताय, की मी सांगू?" रात्रीची दारू त्याच्या अंगातून उतरली नव्हती. त्यानं खाली उतरून पोट बिघडल्याचं कळवलं. आठवडाभर ते पोट बिघडलेलंच राहिलं. मग कंपनीच्या डॉक्टरांनी समोर बसवलं तेव्हा खरं बाहेर आलं. एका पहाटेचं नव्हे, बऱ्याच वर्षांचं.

त्यानंतर उपचार केंद्र, मग मानसोपचार, मग स्मरणशक्तीच्या चाचण्या, यकृताच्या, हृदयाच्या, पुन्हा स्मरणशक्तीच्या. दारू त्यानं उपचार केंद्राच्या दारात सोडली ती सोडलीच. कागद मात्र सुटेनात. एक अहवाल हातात येईतो आधीच्याची मुदत उलटलेली असायची. दाखला देणाऱ्या वैद्यकीय मंडळाला नवा हवा असायचा, आणि नवा येईतो दुसरा शिळा. घरी जेवताना त्याची मुलगी एकदा म्हणाली, "बाबा, तुझी फाईल आता बालवाडीत घालायच्या वयाची झाली." तोही हसला होता.

या वेळी पहिल्यांदाच सगळे अहवाल एकाच वेळी ताजे होते. वैद्यकीय मंडळ तीन महिन्यांतून एकदा बसतं आणि ते उद्या बसणार होतं. त्याच्यावर देखरेख ठेवणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टरांचं शेवटचं पत्र आज संध्याकाळपर्यंत मंडळाकडे पोचायचं होतं. दाखला मिळाला तर पुढच्या महिन्यात परतणाऱ्या वैमानिकांच्या तुकडीत त्याच्यासाठी एक जागा राखून ठेवलेली होती. न मिळाला तर ती दुसऱ्याची. त्याचं वय पन्नाशीच्या पुढे गेलेलं. कंपन्या अशा माणसासाठी दुसऱ्यांदा जागा राखत नाहीत.

धुराच्या सरावात दोन्ही मास्क वापरले गेले होते, म्हणजे वैमानिकांच्या पुढच्या जोडीआधी ते पुसायला हवेत. हे काम तंत्रज्ञाचं. तंत्रज्ञाला सगळे पाना म्हणतात, कारण त्याच्या मागच्या खिशातून एक पाना सतत डोकावत असतो. पाना त्या वेळी उजव्या खुर्चीखाली आडवा होऊन खुर्ची सरकवायचा अडकलेला रूळ मोकळा करत होता.

"कॅप्टन, तेवढं पुसून घेता का? माझे हात तेलाचे आहेत. वाइप्सचं पाकीट मागे ठेवलंय."

कॅप्टननं पाकीट उघडलं, एक ओली वाइप ओढून काढली आणि उजवीकडचा मास्क पुसायला घेतला. तेव्हा वास आला.

नेहमीच्या वाइप्सना साबणाचा वास येतो. हा साबणाचा नव्हता. भांडारातला जुना साठा संपून नवा आला होता आणि नवा स्पिरिटमध्ये भिजवलेला होता. पाकिटावरची बारीक अक्षरं वाचायची कॅप्टनला गरज पडली नाही. त्या वासाची ओळख त्याला कोणी करून द्यायला नको होती. पाना हाताच्या अंतरावर होता. 'हे तू पूस' एवढंच म्हणायचं होतं. उपचार केंद्रात रुग्णांकडून असंच एक वाक्य पुन्हा पुन्हा म्हणवून घेतलं जायचं: हे माझ्या हातातून घ्या. कॅप्टन ते म्हणाला नाही. पुढची जोडी लोखंडी पुलावर उभी आहे, वेळ नाही, असं त्यानं स्वतःला सांगितलं. तेही खोटं नव्हतं.

तंत्रज्ञ मास्क पुसतात आणि कप्प्यात ठेवून देतात. वैमानिक तसं करत नाही. पुसलेला मास्क तो तोंडावर धरतो, बटण दाबतो, दोन श्वास घेतो, हवा नीट येतेय ना बघतो आणि मगच ठेवतो. न तपासलेला मास्क दुसऱ्याच्या हाती द्यायचा नाही, हे इतकं अंगात मुरलेलं असतं की त्यासाठी विचार करावा लागत नाही. कॅप्टननं ओलाच मास्क तोंडावर धरला. दोन श्वास. ठेवला. मग डावीकडचा पुसला, तोंडावर धरला. दोन श्वास. हवा ठीक येत होती.

मग त्यानं तिसरा श्वास घेतला. सावकाश, पोटापर्यंत.

बाहेर पुलावर येऊन त्यानं खिशातून फुंकणी काढली. नाव मुलीनं ठेवलेलं. मुठीएवढं यंत्र आहे. दिवसातून तीनदा त्यात फुंकायचं. फुंकताना ते चेहऱ्याचा फोटो काढतं, श्वासात दारू आहे का ते मोजतं आणि फोटो व आकडा दोन ठिकाणी पाठवतं: डॉक्टरांना आणि बायकोला. दुपारच्या फुंकरीला अर्ध्या तासाची मुभा असते आणि त्यातला बराच वेळ धुरात गेला होता. फुंकर चुकली तर तीही नोंदली जाते. फुंकण्याआधी पंधरा मिनिटं तोंडात काही नको, असा नियम आहे. त्यानं मनाशी उजळणी केली. चहा दहाला झाला. बडीशेप नाही, गोळी नाही, चूळ नाही. मास्क त्याच्या हिशेबात आलाच नाही. मास्क म्हणजे काही खाणं-पिणं नव्हे.

त्यानं फुंकलं. दिवा लाल झाला.

तीन वर्षांत तो दिवा कधी लाल झाला नव्हता. तो लाल होतो तरी का, अशी शंका मुलीनं मध्यंतरी काढली होती. कॅप्टननं पुलाचा कठडा धरला. यंत्रावर अक्षरं उमटली: पंधरा मिनिटांनी पुन्हा फुंका.

फोन लगेच वाजला. बायको चष्म्याच्या दुकानात काम करते. मागे कोणीतरी पाटीवरची अक्षरं मोठ्यानं वाचत होतं.

"काय घेतलंस?" तिनं विचारलं.

"काही नाही. मास्क पुसत होतो. नव्या वाइप्स स्पिरिटच्या आल्यात. मला नंतर कळलं."

"नंतर म्हणजे?"

"पानानं सांगितल्यावर."

पानानं काही सांगितलं नव्हतं. पाना अजून खुर्चीखालीच होता. ही थाप कॅप्टननं ठरवून मारली नव्हती. ती आपोआप आली. पूर्वीही त्या अशाच यायच्या, खऱ्या गोष्टीला चिकटून.

"बरं," ती म्हणाली.

त्या 'बरं'मध्ये काही नव्हतं. राग नव्हता, विश्वासही नव्हता. दारू सुटायच्या आधीची शेवटची दोन वर्षं ती असंच 'बरं' म्हणायची.

पंधरा मिनिटं तो पुलावर उभा राहिला. आतून पानानं हाक मारली, जोडीनं पाणी पिऊन घेतलं, हॉलमधलं वातानुकूलन घरघरत राहिलं. वेळ भरल्यावर त्यानं पुन्हा फुंकलं. दिवा हिरवा. आकडा शून्य.

पाना हात पुसत बाहेर आला होता. त्यानं दिवा पाहिला, सगळं ऐकून घेतलं आणि पाकीट नाकाशी नेऊन मान मागे घेतली. "अरे बापरे, हे तर औषधाच्या दुकानासारखं मारतंय. मी लिहून देतो, कॅप्टन. सही-शिक्क्यासकट. भांडाराचीच चूक आहे." मग सहज म्हणाला, "तुम्हाला नाही आला वास?"

"आला असता तर पुसलं असतं का?"

"तेही खरंच," पाना म्हणाला.

डॉक्टरांचा निरोप आला. चार वाजता दोघांनी यावं, पाकीट सोबत आणावं. तोवर दुसरी जोडी होती. कॅप्टननं त्यांना उड्डाणाच्या ऐन क्षणी एक इंजिन बंद करून दिलं. दोघांनी छान सावरलं. "छान" हा शब्द त्याच्या तोंडून जरा उशिरा निघाला, म्हणून ती जोडी उगाच एकमेकांकडे बघत राहिली.

डॉक्टरांची खोली लहान होती. टेबल, तीन खुर्च्या, खिडकीत एक कुंडी, कपाटात फायली. बायको आधीच येऊन बसली होती, मांडीवर पर्स. तिच्या पर्सच्या बंदाला चष्म्याच्या दुकानातली मोजपट्टी अजून तशीच लटकत होती. कॅप्टन बसल्यावर तिनं खुर्ची सरकवली नाही, जवळही नाही आणि लांबही नाही.

डॉक्टरांनी पानाचं पत्र वाचलं. मग पाकिटातून एक वाइप काढून आपला तळहात पुसला, तो नाका-तोंडाशी धरून दोन श्वास घेतले आणि कपाटातल्या नव्या यंत्रात फुंकलं. दिवा लाल झाला.

"घ्या," त्या म्हणाल्या, "कामाच्या वेळेत मीही प्यायलेय."

बायकोला हसू आलं. सकाळपासून पहिल्यांदाच. तिनं तोंडावर हात ठेवला आणि कॅप्टनकडे बघितलं. त्या बघण्यात सुटकाच होती.

"दारू पोटात गेली असती तर पंधरा मिनिटांत आकडा शून्यावर येत नाही," डॉक्टर सांगत होत्या. "एखादा घोट तोंडात फिरवून थुंकला तरी असंच दिसतं म्हणा. पण पाकीट आहे, साक्षीदार आहे, वेळ जुळतेय. मी हे मंडळाला समजावू शकते." त्यांनी छापून ठेवलेलं पत्र पुढे ओढलं, तळाशी दोन ओळी हातानं लिहिल्या आणि पेन तसंच धरून विचारलं, "एकच नोंदवायचं राहिलं. वाइप्स बदलल्यात हे तुम्हाला कधी कळलं? आधी की नंतर?"

एका शब्दाचं उत्तर होतं. तो शब्द त्यानं दिवसभरात बायकोला एकदा, आणि फिरवून पानाला एकदा, दिलेलाच होता. तो पुन्हा दिला की पेन कागदावर टेकणार, पत्र जाणार, उद्या मंडळ बसणार. त्याला पडताळणारं कोणी नव्हतं. वास कोणाला आला आणि कोणाला नाही, हे यंत्र सांगत नाही.

 उत्तर येईना म्हणून डॉक्टरांनी वर पाहिलं. बायकोनंही.

"आधी," तो म्हणाला.

"पुसायच्या आधी?"

"पहिला मास्क पुसताना. वास आला. पाना शेजारीच होता. त्याला देता आला असता. दिला नाही."

"आणि तरी तोंडाला लावलात?"

"तपासायला लागतंच. दोन श्वास घेतो आम्ही."

"दोन घेतलेत?"

"पहिल्यावर दोन. दुसऱ्यावर तीन."

"तिसरा कशासाठी?"

"वासासाठी."

बाहेरच्या खोलीत मदतनीस बाई कोणाला तरी पुढच्या आठवड्याची वेळ देत होत्या. डॉक्टरांनी पेनला टोपण लावलं. त्या चिडल्या नव्हत्या. त्यांनी पत्राचं दुसरं पान उलटून एका ओळीवर बोट ठेवलं.

"मागच्या खेपेला मी तुम्हाला विचारलं होतं, अचानक दारूचा वास समोर आला तर काय कराल. तुम्ही म्हणालात, ती वस्तू बाजूच्याच्या हातात देईन. तुमचं ते उत्तर मी इथे लिहिलंय. माझ्या शिफारशीचा अर्धा भार त्या वाक्यावर आहे. आज ते वाक्य खरं राहिलेलं नाही."

"मी प्यायलो नाहीये, डॉक्टर."

"नाही प्यायलात. ते मी लिहीनच. पण हे पत्र मी आज पाठवू शकत नाही."

"आज गेलं नाही तर तुकडीतली जागा जाते."

"मला माहीत आहे."

 मग डॉक्टरांनी कामाचं सांगायला घेतलं. उद्या रक्ताची एक तपासणी. मागच्या काही आठवड्यांत दारू झाली असेल तर त्यात दिसते. "एखादा घोट त्यातही दिसणार नाही. पण तुम्ही एका घोटावर थांबणारे नव्हतात, हे आपल्या दोघांनाही माहीत आहे." मग तीन महिने आठवड्याला एक भेट. पत्र नव्यानं, पुढच्या बैठकीला. त्यात आजचं सगळं येईल, वास, पाना, तिसरा श्वास. "विचारल्यावर तुम्ही खरं सांगितलंत, हेही येईल. मंडळ ते तुमच्या बाजूनं धरेल की विरुद्ध, ते मी सांगू शकत नाही. माझ्या हातात ते नाही."

"अजून एक लिहा," बायको म्हणाली. तिचा आवाज अगदी सरळ होता, दुकानात गिऱ्हाइकाला नंबर सांगावा तसा. "दुपारी फोनवर तो मला म्हणाला होता, नंतर कळलं. पानानं सांगितल्यावर कळलं."

डॉक्टरांनी कॅप्टनकडे पाहिलं. त्यानं मान डोलावली. त्यांनी लिहून घेतलं.

लिफ्टमध्ये दोघंच होते. आरशात दोघंही दिसत होते, म्हणून दोघंही आकड्यांकडे बघत राहिले.

"माझ्याशी खोटं बोललास," ती म्हणाली.

"हो."

"मग तिथे खरं कशाला सांगितलंस? मी तर मानलं होतं. वरती हसलेसुद्धा."

"तू हसलीस म्हणूनच."

तिला ते पटलं की नाही, कळायला मार्ग नव्हता. लिफ्ट थांबली. गाडीची किल्ली तिच्याकडेच होती. चालवायला तीच बसली.

"जागा गेली म्हणजे डब्यातच राहणार?" थोडं पुढे गेल्यावर तिनं विचारलं.

"ठेवतील तोवर."

"ठेवतील. धूर कोण सोडणार नाहीतर." सिग्नलवर तिनं गाडी थांबवली. "चिडले नाहीये असं समजू नकोस. चिडलेय. घरी गेल्यावर मला काही विचारू नकोस, मी आपणहून बोलेन."

"बरं," तो म्हणाला. आणि हा शब्द आपल्या तोंडी आज पहिल्यांदाच आला, हे त्याच्या लक्षात आलं.

मुलगी घरीच होती. आईचा चेहरा बघून तिनं पंखा मोठा केला, दोन पेले पाणी आणलं आणि काही विचारलं नाही. कॅप्टननंच तिला सांगितलं, सोफ्याच्या कडेला बसून, वास आला तिथपासून. पत्र गेलं नाही, तुकडी गेली, फोनवर आईशी खोटं बोललो. सांगताना एक गोष्ट मागे-पुढे झाली, ती त्यानं थांबून नीट लावली.

"म्हणजे अजून तीन महिने?" ती म्हणाली.

"निदान."

"आणि मग देतील?"

"माहीत नाही."

मुलगी थोडा वेळ नखाशी चाळा करत बसली. "मला वाटलं होतं, तू सांगशीलच," ती म्हणाली. मग जरा थांबून, "खरं म्हणजे नव्हतं वाटलं."

संध्याकाळची फुंकर त्यानं स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून दिली. हिरवा, शून्य. ओट्याशी बायकोचा फोन कणभर थरथरला. तिनं ओले हात पुसले, फोन उचलून फोटो पाहिला, प्रत्यक्ष माणसाकडे पाहिलं नाही, आणि फोन पालथा ठेवला.

प्रशिक्षण केंद्राला त्यानं संदेश पाठवला: उद्या सकाळी थोडा उशीर होईल, रक्त द्यायचं आहे. कशासाठी, तेही लिहिलं. पहिली जोडी साडेनऊला घ्यावी, अशी विनंती केली. पाच मिनिटांत होकार आला.

प्रयोगशाळा सकाळी साडेसातला उघडते. या तपासणीला उपाशीपोटी जावं लागत नाही.